पीएल-२५९ सोडवून पुन्हा जोडताना: एका वेळी एकच सांधा

पीएल-२५९ म्हणजे हौशी रेडिओवाले अँटेनाची केबल सेटला जोडायला वापरतात तो, आट्यांच्या रिंगचा कनेक्टर. असा कनेक्टर सहसा मरत नाही, केबल मरते. दोन-तीन पावसाळे गच्चीवर काढलेली आरजी-२१३ ही जाड कोॲक्स केबल (मध्ये तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी, वर काळं आवरण) खाली उतरवली की आतली जाळी काळी पडलेली दिसते. तिच्या टोकाचा चांदीचा मुलामा आणि टेफ्लॉनचं इन्सुलेशन असलेला पीएल-२५९ मात्र धुऊन-पुसून घेतला तर आणखी वीस वर्षं चालेल अशा अवस्थेत असतो. खाडीच्या वाऱ्याला तोंड करून असलेल्या, ठाणे-नवी मुंबईतल्या कोपरी, ऐरोली, वाशी, बेलापूरच्या इमारतींवर हे जास्तच दिसतं. खारट दमट हवा कनेक्टरच्या मागच्या फटीतून शिरते आणि जाळीच्या बारीक तारांमधून वातीत तेल चढावं तसं पाणी आत ओढलं जातं. अशी केबल टाकावी लागते. कनेक्टर टाकायचं कारण नाही.

तरी बरेच जण तो टाकतात, किंवा सोडवायला जातात आणि बिघडवतात. कारण एकच: सगळे सांधे एकदम वितळवून केबल ओढून काढायचा प्रयत्न. पीएल-२५९ मध्ये सोल्डरचे सांधे दोन ठिकाणी असतात. मधली तार पुढच्या पोकळ पिनमध्ये आणि जाळी बॉडीच्या चार भोकांतून बॉडीला. पिन पटकन तापते, बॉडी सावकाश. दोन्ही एकाच क्षणी पातळ ठेवायला हात पुरत नाहीत. बॉडीचा सोल्डर वितळेपर्यंत सोल्डरिंगची इस्त्री धरून ठेवली तर आतलं प्लास्टिक जातं, आणि ओढताना पिन तिरकी होते. म्हणून केबल आधी तुकड्यांत मोकळी करायची आणि एका वेळी एकच सांधा वितळवायचा. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

वाचवण्याजोगा कोणता

सगळेच कनेक्टर मेहनतीच्या लायकीचे नसतात. आधी मधलं इन्सुलेशन पाहा. दुधाळ पांढरं, नखाला मेणासारखं गुळगुळीत लागणारं असेल तर बहुधा टेफ्लॉन. खात्री करायची तर सुईचं टोक मेणबत्तीवर तापवून मागच्या बाजूने हलकेच टेकवा. टेफ्लॉनवर खूण उठत नाही, कारण ते ३२७ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. हलकं प्लास्टिक असेल तर सुई लोण्यात शिरल्यासारखी शिरते. तपकिरी रंगाचं असेल तर ते बेकेलाइट घराण्यातलं. ते वितळत नाही, पण जास्त तापलं तर करपतं, आणि करपलेला भाग म्हणजे कार्बन. त्यातून वीज गळते. काळी रेघ किंवा तडा दिसला की तो कनेक्टर बाद.

मग मुलामा. चांदीचा मुलामा मळकट पांढरा, कधी काळसर दिसतो. निकेलचा मुलामा आरशासारखा चकचकीत असतो, म्हणून नवख्या माणसाला तोच भारी वाटतो. सोल्डर मात्र निकेलवर नीट पसरत नाही, गोळे होऊन घरंगळतो. निकेलचा, साध्या प्लास्टिकचा स्वस्त कनेक्टर सोडवण्यात अर्धा तास घालवू नये, त्या वेळात नवा बसवून होतो. चांदी-टेफ्लॉनचा असेल, किंवा जुन्या लष्करी-सरकारी सामानातला जाड पितळेचा असेल, तर जरूर सोडवावा. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे भागातल्या भंगाराच्या दुकानांत केबलचे तुकडे कनेक्टरसकट तांब्याच्या वजनावर मिळतात, तेव्हा केबलपेक्षा टोकांकडे लक्ष द्या. खिशात एक छोटं लोहचुंबक असू द्या. बॉडीला ते घट्ट चिकटलं तर आत पितळ नाही, पोलाद आहे. तो तिथेच ठेवून द्या.

शेवटी आटे. रिंगचे आटे ५/८ इंची, इंचाला २४ या मापाचे असतात. एखाद्या चांगल्या एसओ-२३९ सॉकेटवर, म्हणजे पीएल-२५९ ज्यात बसतो त्या सेटवरच्या सॉकेटवर, रिंग नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरली पाहिजे. अर्ध्यात अडली आणि पक्कड लावावीशी वाटली तर आटे तिरके बसून खराब झालेले आहेत. रिंग वेगळी बदलता येते, म्हणून खराब बॉडीच्या चांगल्या रिंगा डबीत जपून ठेवाव्यात.

हत्यारं

इथे सगळ्यात मोठी चूक इस्त्रीच्या निवडीत होते. पीसीबीसाठी, म्हणजे छापील सर्किट बोर्डांसाठी, घरात असते ती २५ वॉटची इस्त्री बॉडीसाठी निरुपयोगी आहे. पितळेचा जाड तुकडा तिची उष्णता शोषून घेतो, सोल्डर पातळ होता होत नाही, आणि आपण मिनिटभर धरून बसतो. कोमट तव्यावर भाकरी टाकली तर ती फुगत नाही, नुसती वाळत जाते, तसा प्रकार. तेवढ्या वेळात उष्णता हळूहळू आत पोचते आणि केबलचं पॉलिथिलीन मऊ करते, जे साधारण ११० अंशांनाच नांगी टाकतं. ७५ ते १०० वॉटची इस्त्री आणि ८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद चपटं टोक घ्या. तापमान ठरवता येणारं स्टेशन असेल तर रुंदात रुंद टोक लावून ३८० ते ४०० अंश. भरपूर उष्णता, थोडा वेळ. पिनसाठी ४० वॉटची पुरते, पण तीही चपट्या टोकाची.

गॅसचा बर्नर किंवा टॉर्च वापरू नका. टेफ्लॉन ज्योतीत तापलं की त्यातून फुप्फुसाला घातक वायू निघतात, आणि केबलचं काळं पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. ही वाफ नाकाला झोंबतेच, शिवाय उरलेल्या मुलाम्यालाही खाते.

बाकी सामान असं: ६०/४० सोल्डर, १८ गेजचा, आत राळ असलेला, राळेचा वेगळा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा), वितळलेला सोल्डर ओढून घेणारा डीसोल्डर पंप आणि तो शोषून घेणारी ३ मिलिमीटर रुंद डीसोल्डर विक (तांब्याची विणलेली पट्टी), नोज प्लायर, छोटा कटर, बारीक गोल कानस, टूथपिक किंवा नारळाच्या झावळीचे हीर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मल्टिमीटर, जमल्यास व्हर्नियर कॅलिपर. डोळ्यांना चष्मा हवाच. फ्लक्सबद्दल एक गोष्ट बजावून सांगायला हवी. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो नवसागर, किंवा नळकामाची आम्लाची पेस्ट, इथे चालत नाही. सोल्डर पहिल्यांदा झकास धरतो, पण आत अडकलेलं क्लोराइड आपल्या दमट हवेत वर्षभरात जाळी हिरवी करून टाकतं.

कनेक्टर धरायचा कशात, हाही प्रश्न असतो. लोखंडी व्हाइसमध्ये थेट धरला तर व्हाइसच उष्णता पिऊन टाकतो. जबड्यांत लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवा. व्हाइस नसेल तर जाड फळीला बॉडी घट्ट बसेल एवढं भोक पाडून फळी टेबलाला क्लॅम्प करा. दोन्ही हात मोकळे राहणं महत्त्वाचं.

सोडवणं: आरजी-२१३ किंवा आरजी-८ जाडीची केबल

१. बॉडीच्या मागे ७-८ सेंटिमीटर शेपूट ठेवून केबल कापा. हे शेपूट म्हणजे आपली मूठ. बॉडीला लागून कापली तर धरायला काहीच उरत नाही.

२. रिंग मागे ओढून, केबलच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बॉडीच्या पुढच्या आट्यांवरून ती सुटते आणि शेपटावरून निघून येते. आधीच काढा. फ्लक्स आणि सोल्डर रिंगच्या आट्यांत गेले तर नसती डोकेदुखी.

३. बॉडीच्या मागच्या कडेला काळं आवरण गोल कापून शेपटावरचं सगळं सोलून काढा. मग बॉडीच्या आत, मागच्या आट्यांत, आवरणाचा जो तुकडा अडकलेला असतो तो बारीक कटरने उभा चिरा आणि नोज प्लायरने फिरवत बाहेर घ्या. हे गार असतानाच करायचं. तापल्यावर तो चिकट होतो, धूर करतो, आणि आट्यांत बसतो तो बसतोच.

४. जाळी बॉडीच्या कडेपासून १ सेंटिमीटर बाहेर ठेवून चारही बाजूंनी छाटा. ते सेंटिमीटरभर टोक पुढे पकडायला लागणार आहे. आता शेपटात फक्त आतलं पांढरं प्लास्टिक आणि मधली तार उरली. टोकाकडचं २ सेंटिमीटर प्लास्टिक काढून तारेचा आकडा वळवा, म्हणजे ओढताना प्लास्टिक तारेवरून निसटणार नाही.

५. पहिला सांधा, पिन. कनेक्टर असा धरा की पिनचं टोक किंचित खाली झुकेल. जुन्या सोल्डरवर आधी चिमूटभर नवा सोल्डर द्या. उलटं वाटतं, पण जुना सोल्डर वरून ऑक्साइड धरलेला असतो आणि नव्यातल्या राळेने तो खुलतो. इस्त्रीचं चपटं टोक पिनच्या कडेला ५-६ सेकंद धरा, पंप पिनच्या तोंडाशी लावून ओढून घ्या. पुन्हा तापवा आणि या वेळी दुसऱ्या हाताने आकडा धरून शेपूट सरळ मागे ओढा. सरळ म्हणजे सरळ. वाकडं ओढलं तर गरम इन्सुलेशनमध्ये पिन सैल होते. तार आणि प्लास्टिक एकत्र बाहेर येतं. आलं नाही तर जोर करू नका. पहिल्यांदा बसवणाऱ्याने बॉडी फार वेळ तापवली असेल तर प्लास्टिक वितळून जाळीत रुतलेलं असतं. तेव्हा प्लास्टिक आहे तिथेच राहू द्या, पिन तापवून नुसती तार ओढा. प्लास्टिक पुढच्या पायरीत जाळीबरोबर निघेल.

६. दुसरा सांधा, बॉडी. आता मोठी इस्त्री. चारही भोकांवर फ्लक्स लावा, एकेका भोकावर विक ठेवून वरून इस्त्री दाबा आणि जेवढा सोल्डर शोषला जाईल तेवढा घ्या. मग दोन भोकांच्या मधल्या भागावर इस्त्रीचं रुंद टोक सपाट टेकवा. टोकावर थोडा ताजा सोल्डर असला की उष्णता झटकन उतरते. १० ते १५ सेकंदांत भोकांतला सोल्डर चमकायला लागतो. त्या क्षणी नोज प्लायरने जाळीचं बाहेर ठेवलेलं टोक पकडा, पीळ घाला आणि ओढा. पिळल्यावर जाळीचा घेर आक्रसतो आणि ती भिंतीपासून सुटते. नुसतं ओढलं तर उलटं होतं, काही तारा तुटून आतच राहतात.

२० सेकंदांतही सोल्डर वितळला नाही तर इस्त्री काढा. कनेक्टर पूर्ण गार होऊ द्या आणि आणखी मोठं टोक घेऊन पुन्हा करा. एकाच वेळी मिनिटभर तापवण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांच्या तीन फेऱ्या केव्हाही बऱ्या.

७. बॉडी गरम असतानाच भोकांतून हीर आरपार फिरवा. सोल्डर लाकडाला किंवा हिराला चिकटत नाही, म्हणून भोक स्वच्छ मोकळं होतं. टूथपिक पटकन जळतं, हीर जरा जास्त टिकतो. पिनच्या पोकळीतही तेच करायचं.

आरजी-५८ आणि अडॅप्टर

बारीक केबलसाठी बॉडीत मागून एक पितळी अडॅप्टर बसवलेला असतो: ५ मिलिमीटरच्या आरजी-५८ साठी यूजी-१७५, ६ मिलिमीटरच्या आरजी-८एक्स आणि आरजी-५९ साठी यूजी-१७६. इथे जाळी अडॅप्टरवर उलटी दुमडलेली असते आणि भोकांतला सोल्डर जाळी, अडॅप्टर, बॉडी या तिघांना एकत्र धरतो. पिनचा सांधा वरच्यासारखाच आधी मोकळा करा. मग बॉडी तापवून सोल्डर चमकला की अडॅप्टरच्या मागच्या कडेला पक्कड लावून तो उलटा फिरवत काढा. गरम असतानाच. गार झाल्यावर फिरवाल तर आटे फाटतील. अडॅप्टरवर चिकटलेली जाळी खरवडत बसू नका, अडॅप्टर वेगळे विकत मिळतात.

साफसफाई, जिथे अर्धं यश असतं

सुटलेला कनेक्टर लगेच वापरला तर पुढच्या वेळी दोष नेमका तिथेच निघतो. पहिलं पाहायचं ते पिनची पोकळी. उजेडासमोर धरून मागून पुढे आरपार दिसली पाहिजे. आत सोल्डरचा बुच राहिला तर नवी तार त्याला टेकून थांबते, टोकाला आपण सोल्डर घालतो, वरून सांधा सुंदर दिसतो आणि आत तार पोचलेलीच नसते. आरजी-२१३ ची मधली तार २.२५ मिलिमीटर असते, म्हणून २.५ मिलिमीटरचं ड्रिल बिट हाताने, मशीनशिवाय, पोकळीत फिरवून खात्री करा.

पिनच्या बाहेरच्या अंगाला सोल्डरचा थेंब राहू देऊ नका. पिनचा व्यास ४ मिलिमीटरच्या आतच असायला हवा. बाहेरून सोल्डर माखलेली जाड पिन रेडिओच्या सॉकेटमध्ये घातली की आतल्या स्प्रिंगच्या पाकळ्या कायमच्या फाकतात, मग चांगला कनेक्टरही तिथे सैल बसतो. वाचवलेल्या कनेक्टरपायी सेटचं सॉकेट बदलायची पाळी येणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. पिन तापवून विकने पुसा, नंतर कॅलिपरने मोजा.

फ्लक्सची पिवळी राळ अल्कोहोल आणि ब्रशने धुवा. चांदी काळी पडली असेल तर पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा काही मायक्रॉनचा असतो आणि दोन घासण्यांत पितळ दिसायला लागतं. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरा, त्याला टेकेल असा कनेक्टर ठेवा, वर कपभर कडकडीत पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. पाच मिनिटांत काळेपणा फॉइलकडे जातो. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा, घाबरू नका. मग साध्या आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. हे टेफ्लॉनवाल्यांसाठीच. तपकिरी इन्सुलेशन पाणी धरून ठेवतं. ते भांडं नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका, सोल्डरमध्ये शिसं असतं.

निकेलचा कनेक्टर वाचवायचाच असेल तर चारही भोकांच्या आतल्या कडा गोल कानशीने पिवळं पितळ दिसेपर्यंत घासा. सोल्डर निकेलवर नाही, त्या कडांवर धरेल.

पुन्हा जोडण्याआधी मल्टिमीटर सर्वात मोठ्या रेंजवर ठेवून पिन आणि बॉडीमध्ये मोजा. आकडाच यायला नको. काही मेगओहम दाखवत असेल तर ओल किंवा राळ शिल्लक आहे. वाळवूनही तसंच राहिलं तर इन्सुलेशन करपलेलं आहे, टाकून द्या. पिन बोटांनी हलवून पाहा. ती हलली, फिरली किंवा मागे सरकली तर तोही बाद.

नव्या केबलवर बसवणं

पहिलं काम: रिंग केबलवर सरकवा. तोंड पुढे करून. दुसऱ्या टोकाला कनेक्टर आधीच असेल आणि रिंग विसरली असेल, तर नुकतंच सोडवलेलं सगळं पुन्हा सोडवावं लागतं. ही चूक नवख्यांपेक्षा सवयीच्या हातांकडून जास्त होते.

केबल जुनीच असेल तर आधी तिची परीक्षा. १५-१५ सेंटिमीटर कापत मागे जा, जोवर जाळी लख्ख तांबूस दिसत नाही तोवर. काळ्या जाळीवर सोल्डर धरत नाही, धरल्यासारखा दिसतो. दोन मीटर कापूनही काळीच निघाली तर केबल भंगारात द्या.

आरजी-२१३ साठी मापं अशी: काळं आवरण टोकापासून २८ मिलिमीटर काढा. टोकाची १६ मिलिमीटर मधली तार उघडी करा. त्यामागे दीड मिलिमीटर पांढरं प्लास्टिक दिसू द्या, म्हणजे जाळीचा केस तारेला टेकणार नाही. उरलेली साधारण ११ मिलिमीटर जाळी. कनेक्टरच्या बनावटीप्रमाणे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून कापण्याआधी केबल बॉडीला बाहेरून लावून पाहा: जाळी चारही भोकांच्या खाली येते ना, तार पिनच्या तोंडातून जराशी बाहेर डोकावते ना.

जाळीला आणि तारेला पातळ कल्हई करून घ्या. पातळच. जाळीवर सोल्डरचा थर जाड झाला तर ती बॉडीत शिरत नाही, आणि जबरदस्तीने फिरवल्यास मागे गोळा होऊन बसते. प्लास्टिक मऊ होऊ नये म्हणून एका बाजूला तीन सेकंद, थांबा, मग दुसरी बाजू. खाच पडलेली तार वापरू नका, सातांपैकी एक धागा तुटला तरी पुन्हा कापा.

बॉडी केबलवर घड्याळाच्या दिशेने फिरवत चढवा, मागचे आटे आवरणात रुततात. भोकांतून जाळी दिसली पाहिजे. मग मोठी इस्त्री, फ्लक्स, आणि समोरासमोरची दोन भोकं आधी. सोल्डर इस्त्रीवर नाही, भोकात जाळीवर द्यायचा. तो जाळीत शोषला गेला की सांधा खरा. नुसता वर फुगा राहिला तर जाळी तापलीच नव्हती. उरलेली दोन भोकंही भरावीत, पण मध्ये गार होऊ देऊन. सगळ्यात शेवटी पिन. तोंडातून सोल्डर आत जाऊ द्या, बाहेर ओघळला तर लगेच ओल्या स्पंजने पुसा.

आता पाच मिनिटं केबल हलवू नका, वाकवू नका. पॉलिथिलीन मऊ असताना केबल लोंबकळली तर मधली तार प्लास्टिकमधून एका बाजूला सरकते. शॉर्ट आज होत नाही, पुढच्या मे महिन्यात गच्ची तापल्यावर होतो, आणि तेव्हा कारण सापडत नाही.

आरजी-५८ साठी: रिंग आणि अडॅप्टर दोन्ही आधी केबलवर, आवरण १९ मिलिमीटर काढायचं, जाळी फुलवून अडॅप्टरवर उलटी दुमडायची आणि साडेनऊ मिलिमीटर ठेवून छाटायची, तार १६ मिलिमीटर उघडी. अडॅप्टर बॉडीत घट्ट फिरवून मग भोकांतून सोल्डर.

तपासणी

दुसरं टोक मोकळं ठेवून पिन-बॉडी मोजा, अनंत हवं. दुसऱ्या टोकाला पिन आणि बॉडी तारेने जोडून मोजा. आरजी-५८ च्या २० मीटर तुकड्यात मधल्या तारेचा रोध पाऊण ओहमच्या आसपास भरतो, ३० मीटर आरजी-२१३ मध्ये ओहमचा पाचवा भागही नाही. जाळीची थोडी भर आणि मीटरच्या वायरींचा रोध वजा धरून आकडा यापेक्षा बराच मोठा आला तर एक सांधा कोरडा आहे. आता कनेक्टरजवळ केबल हळू हलवा. आकडा नाचला तर कुठे, ते कळलंच.

मग ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा रोध. ७ मेगाहर्ट्झ आणि १४५ मेगाहर्ट्झ, दोन्हीकडे एसडब्ल्यूआर (पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते दाखवणारा आकडा) बघा. एचएफवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, तो जवळपास १ ला १ यायला हवा. व्हीएचएफवर, म्हणजे १४५ ला, थोडा वर गेला तर तो सोल्डरिंगचा दोष असेलच असं नाही. पीएल-२५९ ची घडणच मुळात ५० ओहमची नाही. त्याला यूएचएफ कनेक्टर म्हणतात, पण ते नाव १९३० च्या दशकातलं, तेव्हा ३० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं त्या नावात मोडायचं. ४३० मेगाहर्ट्झसाठी एन कनेक्टर घ्या. क्लॅम्प पद्धतीचा एन किंवा बीएनसी सोडवणं तर याहून सोपं, मागचा नट खोलायचा आणि पिनचा एकच सांधा. फक्त आतलं रबराचं गॅस्केट दर वेळी नवं घालायचं. क्रिंप केलेल्यांच्या नादी लागू नये, त्यांची दाबलेली नळी दुसऱ्यांदा धरत नाही.

शेवटची परीक्षा बोटांची. डमी लोडवर ५० वॉटचा कॅरिअर (आवाजाशिवाय नुसता सिग्नल) मिनिटभर द्या, सेट बंद करा आणि दोन्ही कनेक्टर हाताला लावून पाहा. एक कोमट आणि दुसरा गार असेल तर कोमट असलेला पुन्हा उघडायचा.

गच्चीवर चढवताना

रिंग आवळताना बॉडीच्या पुढची दातेरी कड सॉकेटच्या खाचांत बसली आहे ना ते पाहा, मगच रिंग फिरवा. या कनेक्टरमध्ये जाळीचा संपर्क रिंगच्या दाबावर अवलंबून असतो. बोटांनी घट्ट, वर पकडीने पाव फेरा, बस.

मग पाण्याचा बंदोबस्त. पीएल-२५९ जलरोधक नाही, भोकं भरली म्हणून तो जलरोधक होत नाही. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, म्हणजे सेल्फ-अमलगमेटिंग, दुप्पट लांब ताणून, अर्धी-अर्धी वर चढवत गुंडाळा. खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे एकेक वेढा कौलासारखा खालच्यावर येतो आणि पाणी फटीत न जाता ओघळतं. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर केबलवर जा. तिच्यावर उन्हापासून राखायला काळी विनाइल टेप, तीही शेवटच्या थरात खालून वर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट लावू नका, त्यातलं ॲसिटिक आम्ल तांबं खातं. सीलंट हवंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं मागा. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत केबलवरून वाहत येणारं पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाईल, खिडकीतून टेबलावरच्या सेटकडे येणार नाही.